मनपा शाळेचा निकाल सांगताय, तर वर्गात कोण बसलंय तेही सांगा

मनपाच्या शाळांचा विषय निघाला की नागपुरात लगेच दोन गट पडतात, आणि माझ्या मते दोघंही चुकीचं भांडतात. पहिला गट म्हणतो, शिक्षकांना एवढाले पगार, पोट्ट्यांना सहावीत धड वाचता येत नाही, पट दरवर्षी घसरून राह्यला, तर काहून चालवता ह्या शाळा, बंद करा आणि इमारती संस्थांना देऊन टाका. दुसऱ्या गटात बरेच शिक्षकच असतात, ते म्हणतात, भाऊ आमच्याकडे येणारी पोरं कोणाची ते बघा आधी, मायबाप मजुरीवर, घरी अभ्यास विचारणारं कोणी नाही, आम्ही तरी काय करणार. पानठेल्यावर हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, निवडणुकीच्या सभेतही हेच. माझं म्हणणं सरळ आहे. शाळेत कोण मुलं येतात हे लपवून नुसता निकाल सांगणं हा त्या शाळेवर अन्याय आहे, आणि कोण मुलं येतात एवढंच सांगून हात वर करणं हा त्या मुलांवर अन्याय आहे. मूल सहावीत आलं तेव्हा त्याला काय येत होतं आणि आठवीतून बाहेर पडलं तेव्हा काय येत होतं, ह्यातला फरक म्हणजे शाळेचं काम. शाळेला नावं ठेवायची असोत की शाबासकी द्यायची असो, ती ह्या फरकावरून द्या.

सहावी ते आठवी मुद्दाम म्हणतोय, कारण सगळी गडबड ह्याच तीन वर्षांत उघडी पडते. चौथी-पाचवीपर्यंत मूल पाठांतरावर निभावून नेतं, सहावीत पुस्तकं एकदम जाड होतात, विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे सगळेच विषय एकदम जातात. मी अशा एका शाळेत काही काळ गणिताला मदत म्हणून जायचो. तिथे सहावीत एक मुलगी दिवाळीनंतर दाखल झाली, वडील बांधकामावर, घरी छत्तीसगढी बोलतात, शाळा मराठी माध्यमाची कारण साइटपासून जवळची तीच. भूगोलाच्या पुस्तकात 'अक्षांश' शब्दावर बोट ठेवून ती एकेक अक्षर सुटं वाचायची, जोडाक्षराला अडायची, आणि शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून जायची. तीच मुलगी वडिलांची पूर्ण हजेरी, अर्धी हजेरी, उचल वजा करून आठवड्याची मजुरी तोंडी काढून सांगायची, ठेकेदाराशी हिशेब तीच करायची. आता ही पोरगी 'ढ' आहे का? आणि वार्षिक परीक्षेत तिला भूगोलात जे काही मार्क पडले, ते त्या शाळेचे मार्क आहेत का? ती शाळेत येऊन पाच महिनेही झाले नव्हते.

लोकांना हे माहीतच नसतं की अशा मुलीला सहावीत बसवणं हा शाळेचा हलगर्जीपणा नाही, तो कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप प्रवेश आहे. बारा वर्षांचं मूल आयुष्यात कधी शाळेत गेलं नसलं तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. तत्त्व एकदम बरोबर आहे, बारा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं तर ते आठवड्यात पळून जाईल. पण हे काम प्रत्यक्षात कोण करतं? विटाभट्टीवरची, उड्डाणपुलाखालची, पाल ठोकून राहणारी मुलं शोधून आणायची जबाबदारी मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवर येते. वर्षाच्या मधेच येणारं, दाखला नसलेलं मूल मोठ्या फीच्या शाळेच्या गेटवर उभंच राहत नाही. म्हणजे एका शाळेने कायदा पाळायचा, दुसरीने मुलं निवडून घ्यायची, आणि मग दोघींचा निकाल एका तक्त्यात शेजारी शेजारी लावायचा. ही कसली तुलना?

निवड फक्त प्रवेशाच्या वेळी होते असंही नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून चौकाचौकात फ्लेक्स लावणाऱ्या शाळांपैकी काही जण नववीत काय करतात हे पालकांना पक्कं माहीत आहे. कच्च्या मुलाच्या वडिलांना बोलावून सांगितलं जातं की ह्याला बाहेरून बसवा, १७ नंबरचा फॉर्म भरा, नाहीतर दाखला घेऊन जा. तो मुलगा त्या शाळेच्या निकालातून पुसला जातो. सगळ्या खासगी शाळा असं करतात असं मी म्हणत नाही, पण जी पद्धत करता येते ती होतेच. मनपाच्या उच्च प्राथमिक, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळेला मात्र कोणालाच पुसता येत नाही, उलट दुसऱ्यांनी सोडलेली मुलं तिच्याच पटावर येतात.

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि ते हलके मुद्दे नाहीत. पहिला पालकांचाच. ऑटोवाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया, भाजीच्या हातगाडीवाले पोटाला चिमटा काढून पोरांना गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालतात, ते काय वेडे आहेत का? अजिबात नाहीत. त्यांना इंग्रजी हवं आहे, रोज वर्गात येणारा शिक्षक हवा आहे, आणि आपलं पोरगं 'बऱ्या' पोरांत बसावं असंही वाटतं, ह्यात चूक काय? मनपालाही हे उशिरा का होईना कळलं म्हणूनच इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढाव्या लागल्या. पण पालक शाळा बदलतो तेव्हा तिथे शिकवणं चांगलं आहे हे त्याने तपासलेलं नसतं, तिथे येणारी मुलं कोण आहेत हे त्याने बघितलेलं असतं. ह्यावर आपल्या देशातलाच एक मोठा पुरावा आहे. आंध्र प्रदेशातल्या १८० गावांमध्ये अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी शाळेतल्या मुलांमधून लॉटरी काढली, नंबर लागला त्यांची खासगी शाळेची फी भरली, चार वर्षांनी सगळ्यांना तपासलं. तेलुगू आणि गणितात लॉटरी लागलेल्यांत आणि न लागलेल्यांत फरक सापडला नाही. खासगी शाळांची मुलं एरवी पुढे दिसत होती, पण ती मुळात पुढच्या घरातून आलेली होती. त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, खासगी शाळांत हिंदी चांगलं झालं, आणि त्यांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या साधारण एक तृतीयांश होता. म्हणून खर्चाचा प्रश्न विचारा, जरूर विचारा, पण 'खासगीत शिकवतात आणि मनपात शिकवत नाहीत' हे वाक्य पुराव्याशिवाय बोलू नका.

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. एकाच वस्तीच्या दोन मनपा शाळा, मुलं सारखीच, आणि एकीत सातवीची मुलं कविता वाचून दाखवतात तर दुसरीत नाव लिहिता येत नाही, असं का? म्हणजे घरची परिस्थिती हे सगळ्याचं उत्तर नाही. हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि 'पोरंच तशी' म्हणणाऱ्या गटाला माझं उत्तर हेच आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन ह्या समाजशास्त्रज्ञाचा अहवाल आला, सुमारे चार हजार शाळा, सहा लाखांवर विद्यार्थी, आणि त्याचं सार असं निघालं की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारती-सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी आणि सोबतच्या मुलांशी जास्त जुळतो. तेव्हापासून जगभर हात झटकायला हा अहवाल वापरला जातो. पण १९८३ मध्ये हाइनमन आणि लॉक्सली ह्यांनी २९ देशांचे आकडे तपासले तेव्हा गरीब देशांत चित्र बरंच उलटं दिसलं, तिथे शाळा आणि शिक्षक कसे आहेत ह्याचा वाटा जास्त निघाला. कारण समजायला अवघड नाही. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तिथल्या मुलाला जे काही मिळणार ते शाळेतच मिळणार. मग 'गरीब घरची मुलं आहेत' हे शिक्षकाच्या तोंडी सबब म्हणून कसं चालेल? त्या वाक्याने तर त्याची जबाबदारी दुप्पट होते.

आणि गरीब मुलांना लवकर पुढे नेता येतं हेही सिद्ध झालेलं आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखी नावाचा प्रयोग केला, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, पगार अगदी थोडा, मागे पडलेल्या मुलांना दिवसातला काही वेळ वेगळं घेऊन बसायच्या आणि मुलाला जिथपर्यंत येतं तिथून शिकवायच्या. त्याची शास्त्रशुद्ध तपासणी झाली आणि मुलांचे गुण स्पष्ट वाढलेले दिसले, तपासणाऱ्यांमधल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लोंना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. म्हणजे सहावीतल्या मुलीला आधी जोडाक्षरं द्या, मग अक्षांश द्या. वर्गातला शिक्षक हे का करत नाही? काही जण आळशी आहेत, ते सोडा. पण उरलेल्यांचं ऐका. पुस्तक मार्चपर्यंत संपवायचं, पोर्टलवर माहिती भरायची, आहाराचा हिशेब, मतदार यादीचं काम, आणि कायद्यात उच्च प्राथमिकला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा असे विषयवार शिक्षक लिहिलेले असले तरी पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पदं उडतात आणि एकच बाई तीन वर्ग सांभाळते. ज्या शाळेत मुलं सर्वात जास्त मागे, तिथेच माणसं सर्वात कमी, अशी ही रचना आहे.

निकालावर शाळा तोलायची हौस नवी नाही. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो ह्यांनी नियम आणला, इन्स्पेक्टर येणार, मुलांचं वाचन-लेखन-गणित तपासणार, जितकी मुलं पास तितकं शाळेचं अनुदान. झालं काय? शिक्षकांनी तेवढीच पानं घोकून घेतली, इतर विषय मागे पडले, आणि तीसेक वर्षांनी ती पद्धत मोडीत काढावी लागली. आपल्याकडचं बघायचं तर ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवा. अनुदान आणि शिक्षकांची पदं पटावर ठरत होती म्हणून राज्यभर कागदावर खोटी मुलं उभी राहिली होती, पडताळणीच्या दिवशी दुसऱ्या शाळेतून मुलं आणून बसवायची वेळ काही संस्थांवर आली आणि बोटाला शाई लावावी लागली. ज्या एका आकड्यावर पैसा किंवा शिक्षा टांगली, तो आकडा खोटा व्हायला लागतो. उद्या नुसत्या निकालावर मनपा शाळा बंद करायच्या ठरल्या तर शाळा काय करतील? दिवाळीनंतर आलेल्या त्या पोरीला दाखल करून घ्यायलाच टाळाटाळ करतील. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे, पुनर्परीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. सातवीत पहिल्यांदा शाळा बघितलेला मुलगा आठवीत अडकला की तो कुठे जाईल, कळमन्याच्या बाजारात हमालीला नाहीतर कुठल्या गॅरेजमध्ये.

मुलं कोण आहेत ह्या चर्चेतला सगळ्यात घातक भाग आता बोलतो. नागपुरात हा विषय कुजबुजत जातीवर आणि धर्मावर जातो. उत्तर नागपूरची शाळा, मोमिनपुऱ्याची उर्दू शाळा, गोळीबार चौकाकडच्या विणकर वस्तीची शाळा, नावं घेतली की लोक मान हलवतात जणू कारण सापडलं. अरे, ह्याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर काय झालं आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी काय करून दाखवलं ते बघा ना. बाप मिलमध्ये साच्यावर, आई विडी वळणारी, आणि पोरं प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी, अशी घरं इंदोऱ्यात, बेझनबागेत गल्लीगल्लीत आहेत. वस्तीच जर नशीब ठरवत असती तर हे झालंच नसतं. पण ते नुसत्या जिद्दीवरही झालं नाही. बाबासाहेबांनी दिलेला शिक्षणाचा ध्यास होता, सोबत शिष्यवृत्ती होती, चोखामेळा वसतिगृहासारखी अभ्यासाची जागा होती, वस्तीतली वाचनालयं होती, आणि मिलचा पगार ठरलेल्या तारखेला घरी येत होता. शाहू महाराजांनी हे फार आधी ओळखलं होतं, त्यांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायला घेतलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, कारण घरी जागा, दिवा आणि शांतता नसली तर शाळेतलं शिकवलेलं टिकत नाही. आणि जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितलं की शिक्षण वरून झिरपत खाली येईल ही आशा सोडा, प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, आणि शिक्षकही शक्यतो शेतकरी कष्टकरी वर्गातलेच तयार करा. मुलं कोण आहेत हे ह्या दोघांनी पक्कं पाहिलं, ते पाहून जादा काय द्यावं लागेल हे ठरवलं.

'आमच्या काळी नगरपालिकेच्या शाळेतून केवढे मोठे लोक निघाले' हे पण बंद करा आता. निघाले, खरं आहे. पण तेव्हा त्या वर्गात कारकुनाचं पोर, मास्तरचं पोर, दुकानदाराचं पोर आणि १८७७ पासून चालू असलेल्या एम्प्रेस मिलच्या कामगाराचं पोर एका बाकावर बसायचं. ज्याच्या घरी पुस्तक होतं तो ज्याच्या घरी नव्हतं त्याच्या शेजारी होता. मिल गेली, पगारी नोकऱ्या गेल्या, थोडी ऐपत असलेला प्रत्येकजण शाळा सोडून गेला, आणि मागे राहिली ज्यांना दुसरीकडे जाताच येत नाही ती मुलं. शाळेची पाटी तीच, इमारतही तीच, आतला वर्ग पूर्ण बदललाय. १९७० चा निकाल आजच्या निकालाशी ताडून 'शिक्षक बिघडले' म्हणणारा माणूस दोन वेगळ्या शाळांची तुलना करतोय. आणि ही सरमिसळ थोडीफार परत आणणारी जी एक वाट कायद्यात आहे, खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरच्या मुलांसाठी २५ टक्के जागा, ती राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने अडवायला घेतली होती, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ते रद्द केलं म्हणून वाचलं. तेव्हा मनपा शाळांवर रोज बोलणारे किती जण बोलले?

काही गोष्टी तर आकड्यात येतच नाहीत. विदर्भात सिकलसेल किती आहे हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे, त्या मुलाला दुखणं उठलं की आठ आठ दिवस शाळा बुडते, आणि हजेरीपटावर तो नुसता 'गैरहजर' असतो. एप्रिलच्या उन्हात टिनाच्या छपराखाली राहणारं मूल रात्री झोपत नाही, सकाळच्या शाळेत पेंगतं. उच्च प्राथमिकच्या पोषण आहारात दीडशे ग्रॅम धान्य आणि सातशे कॅलरी ठरलेल्या आहेत, आणि बऱ्याच पोरांचं ते दिवसातलं पहिलं पोटभर खाणं असतं, म्हणजे गणिताचे सकाळचे तास उपाशीपोटी. हे सांगितलं की लोक म्हणतात, रडगाणं नको. हे रडगाणं कसं? गणिताचा तास जेवणानंतर ठेवा, हा ह्यातून निघणारा निर्णय आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

मग मोजायचं कसं? यंत्रणा आहे की. दरवर्षी प्रत्येक शाळा यू-डायस ह्या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत मुलगे, मुली, प्रवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग सगळं भरते. आठवीपर्यंतच्या वर्गांत भाषा, गणित, इंग्रजीची पायाभूत चाचणी होते, मग संकलित चाचणी एक आणि दोन, आणि गुण ऑनलाइन भरले जातात. सुरुवातीचा आकडा आहे, शेवटचा आहे, फक्त दोन्ही शेजारी ठेवून कोणी जाहीर करत नाही. शाळेवर शिक्का बसेल, 'मागासांची शाळा' म्हणतील, अशी भीती काही शिक्षकांना वाटते आणि ती रास्त आहे, म्हणून जातीचे तक्ते भिंतीवर लावायची काहीच गरज नाही. वर्षाच्या मधे किती मुलं आली, किती गेली, घरची भाषा वेगळी असलेली किती, घरातलं पहिलंच शिकणारं मूल किती, आणि जी मुलं दोन्ही चाचण्यांना हजर होती त्यांची प्रगती किती, एवढं पुरे. पेपर त्याच शाळेतले शिक्षक तपासतात म्हणून गुण फुगतील ही शंकाही खरी आहे, त्याला दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडून थोडे पेपर परत तपासून घ्या. ज्या शाळेची मुलं तीन वर्षांत जागची हलली नाहीत तिथल्या मुख्याध्यापकाला जाब विचारा, मुलं कितीही गरीब असली तरी विचारा, कारण शेजारच्या शाळेत तशीच मुलं हलली आहेत.

आणि ह्या आकड्यांवर पहिला निर्णय व्हायला हवा तो शिक्षकांचा. सध्या डोकी मोजून पदं देतात, सहावी-आठवीला ३५ मुलांमागे एक हे कायद्यातलं प्रमाण आहे आणि ते किमान आहे, जास्त देऊ नका असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्या शाळेत अर्धा वर्ग वयानुरूप प्रवेशाचा किंवा परराज्यातून आलेला आहे तिथे एक जादा शिक्षक, वस्तीतलीच छत्तीसगढी किंवा गोंडी समजणारी एखादी शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून, आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडा राहणारा, दिवा-पंखा असलेला एक वर्ग, हे मनपाच्या शिक्षण विभागाला स्वतःच्या बजेटमध्ये धरता येतं. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तोपर्यंत ह्या नेमणुका झालेल्या असल्या पाहिजेत, दिवाळीनंतर नाही.